एका पुरणपोळीनं काय होतं?

मागच्या रविवारी मी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि तेव्हापासून मावशी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण कामापुरतं.

मेसेज साधाच होता. मावसभावाच्या मुलाचं लग्न आर्वीला आहे. तीन दिवस राहायला जायचं आहे. मी लिहिलं होतं की शुक्रवारी सकाळी पोचते. नऊला नाश्ता, एकला जेवण, रात्री आठच्या आत जेवण, या वेळा मला गोळ्यांमुळे सांभाळाव्या लागतात. दोन भाकरी किंवा पोळ्या, जी कुठली असेल ती एक भाजी, वरण आणि ताक एवढं मला पुरे. गोड नको. माझ्यासाठी वेगळं काही करू नका. पहाटे साडेपाचला मी फिरायला जाईन, त्यासाठी कुणी उठू नका, दाराची किल्ली मी रात्रीच घेऊन ठेवीन. शेवटी एक हसरा चेहराही टाकला होता.

दोन मिनिटांत मावशीचा फोन. "काऊन वं, आमच्या घरचं जेवाले चालत नाही का तुले? हाटेलात आर्डर देल्यावानी यादी धाडली तुनं!"

मी म्हटलं, "मावशी, तसं नाही गं..."

"लेकीच्या जातीनं असं लिवून धाडाव का? एका पुरणपोळीनं का होते?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. इथे वाचणाऱ्यांत निम्मे आमचे नातेवाईकच आहेत, त्यामुळे ते मावशीपर्यंत पोचेलच. बाकीच्या मंडळींनी आमच्या घरचं भांडण फुकटात पाहिलं असं समजावं. :)

प्रवासात तब्येत कशी सांभाळावी यावर पेपरात जे छापून येतं ते मी वर्षानुवर्षं वाचत आले. पाणी उकळलेलं प्या, उघड्यावरचं खाऊ नका, हॉटेलात तेलकट टाळा. सगळं खरं आहे. पण आमच्या विदर्भात माणूस हॉटेलात बिघडतो असं मला वाटत नाही. हॉटेलात निदान पैसे मोजावे लागतात, तिथे हात आपोआप आखडतो. माणूस बिघडतो तो नातेवाइकांच्या घरी. आपला प्रवास म्हणजे नव्वद टक्के वेळा लग्न, बारसं, तेरवी, नाहीतर कुणाला तरी बघायला जाणं. आणि तिथे पाटोडीचा रस्सा असतो, सांभारवडी असते, वडाभात असतो, आणि ताटावर उभी राहून "अजून एक" म्हणणारी एक मायाळू बाई असते. ती बाई हॉटेलवाल्यापेक्षा फार धोक्याची. तिला नाही म्हणता येत नाही.

हे मी अधिकाराने सांगते, कारण ती बाई मी स्वतः होते.

माझा मोठा भाऊ बियाण्याच्या धंद्यात फिरतीवर होता. वणी, हिंगणघाट, वरोरा, पांढरकवडा, महिन्यातले वीस दिवस गाडीत. सकाळी स्टँडवर तर्रीपोहे, दुपारी ज्या दुकानदाराकडे असेल त्याच्याकडे जेवण, चार वाजता आलूबोंडा, रात्री जे मिळेल ते. चाळिशीतच त्याला साखर निघाली. पुढे इन्सुलिन आलं. फिरतीमुळे त्याचं इन्सुलिन गाडीच्या समोरच्या खणात असायचं. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काय होतं. बाहेर पंचेचाळीस, आत भट्टी. इन्सुलिन उष्णतेने निकामी होतं, दिसायला मात्र कित्येकदा तसंच दिसतं. तो टोचत होता आणि साखर काही उतरत नव्हती, आणि डॉक्टर डोस वाढवत होते. गाडीतल्या खणाबद्दल त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याने कुणाला सांगितलं नाही. नंतर कळलं की गावात लहान मडक्यात, ओल्या फडक्यावर ठेवलं तरी बाटली गार राहते. डॉक्टरसुद्धा हा उपाय सांगतात. दहा रुपयांचं मडकं.

पोळ्याच्या दिवशी तो अचानक दारात उभा राहिला. सेलूहून नागपूरला जायचं सोडून उलटा वर्ध्याला आला होता, बहिणीकडे पुरण असणार म्हणून. मी एक वाढली. त्याने खाल्ली. दुसरी वाढली तेव्हा त्याने ताटावर हात आडवा धरला. "नको बाई, सकाळची साखर तीनशेच्या वर होती." आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "सण आहे रे. एका पुरणपोळीनं काय होतं?" आणि त्याचा हात बाजूला करून वाढली. वर तूप.

त्याने ती संपवली, कारण तो माझा भाऊ होता.

त्या पोळीने तो गेला असं नाही. इतकी मी खुळी नाही. त्याच हिवाळ्यात त्याला हार्ट अटॅक आला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि त्यामागे वीस वर्षांचा हिशोब होता. पण त्या हिशोबात माझी एक ओळ आहे. त्याचा आडवा धरलेला हात मला अजून दिसतो. आता मी सत्तावन्नची आहे आणि नऊ वर्षांपासून मलाही साखर आहे. म्हणून यादी.

आता जरा वेगळं सांगते. मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, आणि आमच्याकडे गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे शंभर खंड आहेत. वर्ध्यात राहून गांधीजींचा कंटाळा येणं अगदी शक्य आहे. शाळेच्या सहली सेवाग्रामला, पाहुणे आले की सेवाग्राम, दोन ऑक्टोबरला सेवाग्राम. मलाही आला होता. पण दुपारी लायब्ररी रिकामी असते आणि हाताशी जे असतं ते माणूस वाचतो. तसं वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की या माणसालाही माझ्यासारखाच प्रश्न पडला होता.

१९१५ साली ते आफ्रिकेहून नुकतेच परत आले होते आणि देशभर फिरत होते. कलकत्त्याला भूपेंद्रनाथ बसूंकडे उतरले. तेव्हा ते फक्त फळं आणि सुकामेवा खात. झालं, बसूंच्या घरी कलकत्त्यात मिळेल तेवढी फळं आणि सुकामेवा आणला गेला, आणि घरातल्या बायका रात्र रात्र जागून बदाम-पिस्ते सोलत बसल्या. म्हणजे बघा, माणूस साधं खातो म्हणून त्याचा त्रास कमी होईल असं वाटतं, तर झालं उलटंच. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे की हे प्रेम त्यांना कळत होतं, पण दोन-तीन पाहुण्यांसाठी सगळं घर राबतंय हे सोसवेना. मग त्याच वर्षी एप्रिलमध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतलं: हिंदुस्थानात असताना चोवीस तासांत पाचापेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर खायचं नाही. आजारी पडलो तर औषध यात मोजायचं का, यावरही विचार केला आणि मोजायचं ठरवलं. सवलत नाही.

पुढे तेरा वर्षांनी त्यांनी लिहिलं की या व्रतांनी आपली परीक्षा पाहिली खरी, पण ढालीसारखं रक्षणही केलं.

शाळेत आम्हाला हे "संयम" या धड्याखाली शिकवलं असतं. मला तो संयमाचा धडा वाटतच नाही. मला ती एका पाहुण्याने शोधलेली युक्ती वाटते. "मला आवडत नाही" म्हटलं की यजमानीण दुखावते. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की ती म्हणते डॉक्टर काय, सांगतच असतात. "पाच झाले" म्हटलं की विषय संपला. आकड्याशी भांडता येत नाही.

पंधरा वर्षांनी ते यजमानांना यादीच धाडू लागले. मावशी, वाच. दांडीयात्रा निघायच्या आधी, मार्च १९३०मध्ये, त्यांनी नवजीवनात वाटेवरच्या गावांसाठी जेवणाचं टिपण छापलं. सकाळी राब आणि ढेबरं, राब आमचे लोक स्वतः करतील. दुपारी भाकरी, भाजी आणि दूध किंवा ताक. संध्याकाळी निघण्याआधी भाजलेले चणे आणि मुरमुरे. रात्री खिचडी, भाजी, ताक किंवा दूध. तूप माणशी दिवसाला तीन तोळ्यांच्या वर नको. गोड साधं असलं तरी करू नये. भाजी नुसती उकडलेली. आणि स्वतःसाठी? मिळालं तर शेळीचं दूध, मनुका किंवा खजूर, आणि तीन लिंबं. तीन! आकडा देऊन.

साबरमतीपासून दांडी सुमारे ३८५ किलोमीटर. १२ मार्चला निघून ५ एप्रिलला पोचले. वय साठीच्या पुढे. रोज दोन वेळा चालणं, गावोगाव सभा. तूप तोळ्यात सांगितलं, लिंबं मोजून सांगितली, वेळा सांगितल्या. तरीही वाटेत भटगावला त्यांना कळलं की आपल्या तांड्यासाठी सुरतेहून मोटार लॉरीने दूध आलंय, तेव्हा तिथल्या सभेत त्यांनी सगळ्यांना आणि स्वतःलाही चांगलंच सुनावलं. म्हणजे एवढी यादी धाडूनही आग्रह काही थांबला नव्हता. मला ते वाचून बरं वाटलं. आमच्या आर्वीचं काय घेऊन बसलात.

(स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असं सांगून ते निघाले होते, म्हणूनच पुढे जमनालाल बजाजांच्या आग्रहाने वर्ध्याला आले आणि १९३६मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला गेले. तो एक आग्रह मात्र त्यांनी मानला.)

गांधीजी खात ते खा असं माझं म्हणणं नाही, हेही सांगून टाकते. त्यांचे खाण्याचे प्रयोग पुष्कळदा फसले. कच्चं खायचा प्रयोग केला आणि पोट बिघडून सोडावा लागला. वर्ध्यात असताना रक्तदाबाने तेही अंथरुणाला खिळले होते. आमच्या ओळखीत एक गृहस्थ कडुलिंबाच्या पाल्याची चटणी खाऊन गोळ्या सोडून बसले होते, त्यांचं काय झालं ते लिहीत नाही. मला त्यांचं पथ्य नको. त्यांची वेळ आणि मोजमाप तेवढं हवं.

कारण नुसता संयम केला की काय होतं ते मी भोगलंय.

तीन वर्षांपूर्वी मुलीकडे पुण्याला निघाले होते. दुपारची गाडी. सकाळी ठरवलं, आज बसूनच राहायचं आहे तर कमी खाऊ. अर्धी पोळी खाल्ली, गोळी मात्र नेहमीची घेतली, आणि स्टेशनवर आले. गाडी उशिरा. मी शहाणी, म्हटलं बसण्यापेक्षा चालू, आणि प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तासभर फेऱ्या मारल्या. चालण्याचा हिशोब पूर्ण झाल्याचा आनंद. गाडी आली, बसले. पुलगाव गेलं. धामणगाव आलं तोवर मला घाम फुटला होता. एसी डब्यात. हात थरथरायला लागले. शेजारच्या बाई काहीतरी विचारत होत्या आणि मला त्यांचा विनाकारण राग येत होता. वाक्य जुळेना. त्या बाईंनीच ओळखलं. त्यांच्या घरी कुणाला तरी साखर असावी. "बाई, काही गोड आहे का जवळ?"

होतं. जावयासाठी घेतलेला गोरसपाकाचा डबा. वर्ध्याचा माणूस बाहेरगावी जाताना दुसरं काय नेणार? मी तीन गोरसपाक खाल्ले. बदनेऱ्यापर्यंत जरा माणसात आले.

परत आल्यावर डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, गोरसपाकात तूप आहे, त्याने साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, तुम्ही नशीबवान. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवा, नाहीतर साधी साखर. तीन चमचे पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा. मग काहीतरी खाऊन घ्यायचं. आणि माझ्यासारख्या गोळ्या असतील तर गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. ती गोळी आपण जेवलो की नाही हे विचारत नाही, ती आपलं काम करते. हे त्यांनी आधीही सांगितलं असेल, पण तेव्हा माझं लक्ष "गोड बंद" एवढ्यावरच होतं.

म्हणजे प्रवासात दोन बाजूंनी दरी आहे. एकीकडे मावशीची पुरणपोळी, दुसरीकडे आपला अहंकार. मला तर दुसरी जास्त खोल वाटते, कारण तिथे ढकलायला कुणी नसतं, आपणच चालत जातो.

आता माझ्या पिशवीत काय असतं ते मैत्रिणी नेहमी विचारतात म्हणून सांगते. ग्लुकोजची पुडी, हे झालंच. दशम्या असतात, कारण दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, आणि सोबत दाण्याची चटणी. भाजलेले चणे. काकडी. हिवाळा असेल तर संत्री, पण संत्र्याचा ज्यूस नाही. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि चोथा राहतो दुकानदाराकडे. स्टँडवर उकडलेल्या शेंगा मिळाल्या तर घेते, उकडलेलं अंडं मिळालं तर घेते. (मावशी, अंड्याचं वाचलं नाहीस असं समज.) ढाब्यावर झुणका-भाकर चांगली, पण ज्वारीची भाकरी म्हणजे औषध नव्हे. चार भाकरी खाऊन "भाकरीच तर आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. शेगावला गाडी थांबली की डब्यात कचोरी येते. मी खाते. एक, आणि त्या वेळच्या जेवणातून काहीतरी कमी करून. शेगाववरून कचोरी न खाता जाणं मला अजून जमलेलं नाही आणि जमवायचंही नाही.

चालण्याचं मात्र मी सोडत नाही. आणि त्यात गावोगावचा अनुभव असा की खाण्याला जेवढा विरोध होतो त्यापेक्षा बाईने पहाटे एकटीने बाहेर पडण्याला होतो. "कुठं चालल्या एवढ्या सकाळी?" "सोबत पोराला घेऊन जा." एका नातेवाइकाकडे तर माझ्यामागे सायकलवर एक भाचा धाडला होता, बिचारा झोपेत पेडल मारत होता. मला वाटतं पाहुणी घराबाहेर पडली म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, असं यजमानांना वाटत असावं. घरी असते तेव्हा मी गीताई मंदिराच्या बाजूने स्तूपापर्यंत जाऊन येते, कुणी काही विचारत नाही. परगावी पंधरा मिनिटंसुद्धा पुरतात, विशेषतः जेवणानंतर. जेवून लगेच आडवं होण्यापेक्षा पाव तास चाललं की साखर एवढी चढत नाही. हे मी माझ्या बोटाला टोचून टोचून पाहिलं आहे.

आणि चप्पल. साखर असलेल्या माणसाने अनवाणी चालू नये, हे आमच्या देवभोळ्या घरात कुणाला पटत नाही. उन्हाळ्यात केळझरला गेलो होतो, आमच्या ह्यांचे काका सोबत होते. दुपारी फरशी तापलेली. आम्ही सगळे उड्या मारत सावलीत पळालो आणि काका शांतपणे चालत आले. आम्हाला कौतुक वाटलं. घरी येऊन पाहतो तर तळव्याला फोड. त्यांच्या पायांना भाजलेलं कळतच नव्हतं. जखम भरायला अडीच महिने लागले. तेव्हापासून मी देवळात पायमोजे घालून जाते. गणपतीने आजवर काही म्हटलेलं नाही.

चालण्यावरून विनोबा आठवल्याशिवाय वर्ध्याचा लेख पुरा होत नाही, पण मला त्यांच्या पदयात्रेपेक्षा त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायची आहे. १९३८ साली त्यांची तब्येत इतकी खालावली होती की गांधीजी काळजीत पडले. विनोबा पवनारला धाम नदीकाठी राहायला गेले. तिथे त्यांनी शेतात खणायला सुरुवात केली, पहिल्या दिवशी काही मिनिटंच, मग रोज थोडं थोडं वाढवत. त्यातून वजन वाढलं, ताकद आली. १९५१मध्ये पंचावन्नाव्या वर्षी हा माणूस वर्ध्याहून पायी तेलंगणात गेला, तिथे पोचमपल्लीला भूदान सुरू झालं, आणि मग तेरा वर्षं देशभर चालला. पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत मुक्कामी पोचायचं. पोटात अल्सर, खाणं दूध-दही आणि थोडा मध, तेही थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. रोज नवं गाव, रोज नवा यजमान. १९६४मध्ये पवनारला परत आले तेव्हा माझ्या आताच्या वयापेक्षा अकरा वर्षांनी मोठे होते.

तेरा वर्षं रोज पाहुणा! गावोगावच्या बायकांना वाटत नसेल का की एवढा मोठा माणूस आला, काहीतरी गोड करावं? वाटत असणारच. पण सगळ्यांना आधीच ठाऊक होतं की ते काय घेतात. तिथे कुणाचा अपमान होत नव्हता. मग माझी यादी वाचून अपमान का होतो? मी महात्मा नाही म्हणून? साध्या बाईने पथ्य पाळलं की तो नखरा, असंच ना?

हे मी जरा रागातच लिहिते आहे, कळतंय मला. पण आमच्या पिढीत घरटी एकाला तरी साखर आहे, आणि तरी लग्नघरी ताटात बुंदी न मागता पडते. माझ्या घरी आता मी एक गोष्ट बंद केली आहे. ताटाशी उभी राहत नाही. भांडी मध्ये ठेवते आणि सगळ्यांसोबत बसते. ज्याला हवं तो घेईल. सुरुवातीला पाहुण्यांना चमत्कारिक वाटलं. एका नणंदेने तर फोनवर सांगितलं म्हणे, "वहिनीकडे कुणी घे सुद्धा म्हणत नाही." खरं आहे. मी म्हणत नाही. दादाच्या आडव्या हातानंतर मला ते म्हणवत नाही.

आता निघायला हवं. सातची बस आहे. दशम्या बांधल्या, ग्लुकोज घेतलं, पायमोजे घेतले, नवऱ्या मुलासाठी गोरसपाकाचा डबा घेतला.

हे लिहून होता होता मावशीचा फोन येऊन गेला. आवाज अजून फुगलेलाच. म्हणाली, ज्वारी दळून आणली आहे, एकच्या ठोक्याला ताट तयार राहील, आणि किल्ली खिळ्याला टांगलेली असते. मग थोडं थांबून म्हणाली, "एक पुरणपोळी डब्यात घालून ठेवतो तुह्यासाठी. इथं नको खाऊ. घरी नेऊन खाय."